डॅन्यूबकाठी दोघांची सायकल सफर: पहिले पाच दिवस कसे जमवायचे

जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवाट जाते. अंतर साधारण ३२० किलोमीटर. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोवेलो ६' या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक तुकडा. वाट बहुतांश सपाट आणि डांबरी आहे, नदीबरोबर उतरत जाते, आणि वाराही बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर असतो. परदेशात पहिल्यांदाच सायकल घेऊन जाणाऱ्या जोडप्याला मी डोळे मिटून हाच रस्ता सुचवते.

आम्ही तो दोनदा केला. पहिल्या वेळी पासाउहून निघून त्याच दिवशी याच वाटेवरचं ऑस्ट्रियातलं लिन्झ शहर गाठायचं ठरवलं होतं. पुण्यात शंभर किलोमीटर करतोच की, मग सपाट रस्त्यावर काय अवघड, असा हिशोब होता. संध्याकाळी पाच वाजता, लिन्झ अजून तीस किलोमीटर असताना, आम्ही दोघं एका बाकावर एकमेकांशी न बोलता बसलो होतो. नवऱ्याचा गुडघा दुखत होता, मला भुकेने काही सुचत नव्हतं, आणि सकाळपासून कुणी काय चुकवलं याची यादी दोघांच्याही मनात तयार होती. पुढचे दोन दिवस ती यादी पुसण्यात गेले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तेच अंतर दोन दिवसांत वाटून घेतलं, त्याआधी पासाउमध्ये एक पूर्ण दिवस राहिलो, आणि ती सफर अजून आमच्या बोलण्यात येते.

सुरुवातीच्या दिवसांत किलोमीटर जमवायचे नसतात, दिनक्रम जमवायचा असतो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखीसुद्धा लगेच दिवे घाट चढायला घेत नाही. आधी पुण्यात दोन मुक्काम करते.

घरी: दोन महिने आधी

व्हिसापासून सुरुवात करा. शेंगेन, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे सायकलवाल्यांचा गोंधळ होतो. विमान म्युनिकला उतरणार म्हणून जर्मनीकडे अर्ज, असं नसतं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. या मार्गावर पासाउच्या दोन रात्री सोडल्या तर बाकी सगळ्या ऑस्ट्रियात जातात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, त्यामुळे फुकट रद्द करता येणारी बुकिंग करून ठेवा आणि सोबत एक पानी पत्र जोडा: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, रात्रीचा मुक्काम. सायकल प्रवास म्हणजे काय हे त्या पत्रातून नीट कळलं पाहिजे. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पॉलिसीत सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. साहसी खेळ वगळण्याच्या कलमात सायकलिंग बसवलं जाऊ शकतं.

दुसरं काम रंगीत तालमीचं, आणि ते टाळू नका. भरलेल्या बॅगा लावून सलग दोन दिवस चालवायची. आम्ही फेब्रुवारीत दिघी ते दापोली केलं: दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले. कोकणातले ते चढ डॅन्यूबकाठी कुठेच नाहीत, त्यामुळे पायांची परीक्षा तिथेच होऊन जाते. मात्र तालमीचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. पहिला दिवस उत्साहात निघून जातो. दुसऱ्या दिवशी सीटवर बसल्याबरोबर काय दुखतं, कोणती बॅग टाचेला लागते, कॅरिअरचा कोणता स्क्रू ढिला झालाय, हे सगळं समजतं. त्या दोन दिवसांत जी वस्तू बॅगेतून बाहेर निघाली नाही ती घरी ठेवा. पाऊसकोट, औषधं आणि पंक्चरचं सामान एवढाच अपवाद.

तंबू न घेता गास्टहोफ आणि पेन्शनमध्ये, म्हणजे खाणावळवजा लहान हॉटेलात आणि घरगुती लॉजमध्ये राहणार असाल, तर माणशी आठ-नऊ किलो सामान पुरेसं होतं. पहिल्या सफरीला मी हेच सुचवेन. तंबूचे पैसे वाचतात खरे, पण पहिल्या चार दिवसांत गरम पाण्याची आंघोळ आणि कोरडी गादी याची किंमत फार मोठी असते.

सामान वाटताना एक गोष्ट पाळा. पासपोर्ट, थोडे युरो, एक कार्ड, पाण्याची बाटली, खाऊ, एक जादा ट्यूब आणि चालू सिम असलेला फोन, हे प्रत्येकाकडे स्वतःचं हवं. बाकी वाटून घ्या: हत्यारं आणि पंप एकाकडे, औषधं आणि चार्जर दुसऱ्याकडे. दोघं कधीतरी वेगळ्या वाटेला लागणारच. तेव्हा नकाशाचा फोन एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे असले, तर दोघंही अडकून पडतात.

खोक्यात सायकल

सायकल सोबत न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? पासाउमध्ये सायकली भाड्याने मिळतात आणि काही ठिकाणी व्हिएन्नात परत करायची सोयही असते. दहा दिवसांचीच सफर असेल तर भाड्याचा विचार जरूर करा. आम्ही स्वतःच्या नेल्या, कारण माझी सीट आणि माझं हँडल माझ्या अंगाला बसलेलं आहे.

न्यायच्या असतील तर सायकलच्या दुकानात पुठ्ठ्याचं खोकं मागा. नव्या सायकली ज्यातून येतात तेच. पुढचं चाक काढायचं, हँडल सैल करून फिरवायचं, सीट खाली करायची, पेडल काढायची. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे न ठाऊक असल्यामुळे पाना घसरून हात सोलवटतात. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, स्क्रू काढून आतल्या बाजूला झिप टायने बांधा, कारण खोकं आडवं आपटलं तर सगळ्यात आधी तोच वाकतो. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या टोकांमध्ये अडकवायचा प्लॅस्टिकचा तुकडा दुकानदाराकडून मागून घ्या. डिस्क ब्रेक असतील तर दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. नाहीतर प्रवासात चुकून ब्रेक दाबला जातो, पॅड चिकटतात, आणि विमानतळावरच डोकं धरून बसावं लागतं. टायरमधली थोडी हवा सोडा. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत अर्धा पिळून ठेवा. वेगळी पिशवी केली की ती हरवते.

बहुतेक विमान कंपन्या सायकल क्रीडासाहित्यात धरतात. तिकीट काढल्याबरोबर त्यांना कळवा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. पॉवर बँक खोक्यात किंवा चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच हवी. उलट हत्यारं चेक-इनमध्येच. गॅसचं नळकांडं कुठेच चालत नाही.

आणखी एक काम पुष्कळ जण विसरतात. सायकल महाग असेल तर निघताना भारतीय विमानतळावर कस्टम्सकडून तिचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बिल आणि फ्रेमवरचा नंबर जवळ ठेवा. परत येताना ही सायकल इथलीच आहे, बाहेरून विकत आणलेली नाही, हे सांगायला तोच कागद उपयोगी पडतो. त्यासाठी तासभर आधी पोचा.

खाण्याच्या डब्याबद्दल. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, पेढे, खवा सगळं घरीच. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पातळ पोहे आणि चहाचा मसाला आम्ही नेला. तिथल्या दह्यात मेतकूट कालवलं की थकलेल्या जिभेला घर आठवतं.

पहिला दिवस: उतरणं आणि पासाउ

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदपद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो. उतरल्यानंतर तासाभरातली ट्रेन धरायचा बेत करू नका.

म्युनिक विमानतळावर सामान घेतल्यावर एखादा मोकळा, उजेडाचा कोपरा शोधा आणि तिथेच सायकली जोडा. दोन तास धरून चाला. एकाने जोडायचं, दुसऱ्याने खोकं फाडून घडी करायची, सामान सांभाळायचं, पाणी आणि खायला आणायचं. दोघांनी एकाच सायकलवर हात चालवला की वेळ दुप्पट लागतो आणि आवाज वाढतात. जोडून झाल्यावर एकमेकांची सायकल तपासा: हँडलचे स्क्रू, चाकाचे खिटे, ब्रेक, पेडल. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, शिवाय तोवर रात्रभराचं जागरण झालेलं असतं.

पासाउला जायला विमानतळावरून प्रादेशिक गाडीने फ्रायझिंग किंवा लांड्सहूट, आणि तिथून 'डोनाउ-इझार-एक्स्प्रेस'ने पासाउ. 'बायर्न-टिकिट' हे दिवसभराचं तिकीट प्रादेशिक गाड्यांत चालतं आणि एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, माणशी एक. ज्या डब्यावर सायकलचं चित्र असतं त्यातच चढायचं. गाडी यायच्या आधीच फलाटावर बॅगा सायकलीवरून काढून ठेवा. एकाने आत चढायचं, दुसऱ्याने आधी सायकली आणि मग बॅगा वर द्यायच्या. हा क्रम घरीच बोलून ठेवा, कारण दार उघडं असतं ते थोडाच वेळ.

पासाउला पोचल्यावर त्या दिवशी सायकल चालवायची ती फक्त स्टेशनापासून खोलीपर्यंत. भारतापेक्षा घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. शरीर म्हणतं झोप, खिडकी म्हणते संध्याकाळ आहे. आम्ही नऊला पडदे ओढून झोपलो आणि पहाटे चारला टक्क जागे. ठीक आहे, दोन दिवसांत जमतं. उलट त्या लवकर जागं होण्याचा पुढे फायदाच होतो.

दुसरा दिवस: कुठेही जायचं नाही

हा दिवस वाचवावासा वाटेल. वाचवू नका.

सकाळी रिकाम्या सायकली घेऊन गावात तासभर फिरा. कारण तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. चूक होते ती गल्लीतून बाहेर पडताना, वळण घेताना, आणि चहासाठी थांबून परत निघताना. हात आपोआप डावी बाजू धरतो. मी पहिल्या सफरीत एका पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना सरळ डाव्या बाजूला गेले होते आणि समोरून आलेल्या गाडीने थांबून मला जागा दिली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वेळी निघताना मोठ्याने 'उजवीकडे' म्हणतो. आरसा हँडलच्या डाव्या टोकाला लावा, कारण मागून येणारं वाहन त्या बाजूने पुढे जाणार असतं. जिथे सिग्नल किंवा पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियम आहे.

सायकल भाड्याची असेल तर ब्रेक आधी पाहा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, तिथे डाव्या. काही भाड्याच्या सायकलींना तर पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. बॅगा लावून उतारावर हे कळण्यापेक्षा रिकाम्या मैदानात कळलेलं बरं. पुढचे-मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि घंटा हे जर्मनीत कायद्याने लागतात.

दुपारी सीटची उंची नीट करा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली आणलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. पहिल्या दिवसाची गुडघेदुखी पुष्कळदा खाली राहिलेल्या सीटमुळे असते. खोक्यातून निघालेली सीट आपण अंदाजाने वर करतो, ती दोन बोटं खालीच राहते. म्हणून खोक्यात भरण्याआधी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करा. नवऱ्याने पहिल्या वेळी ती केली नव्हती.

मग बाजार. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे रविवारी किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही उघडी असतात, तेवढाच आधार. निघायचा वार रविवार असेल तर शनिवारीच ब्रेड, चीज, फळं, सुकामेवा घेऊन ठेवा. गावातल्या खाणावळींनाही आठवड्याची सुट्टी असते, दारावर 'रूहेटाग' लिहिलेलं दिसतं. पुष्कळदा ती सोमवारी किंवा मंगळवारी येते. थकून पोचलेल्या गावात एकच खाणावळ आणि तीही बंद, हा अनुभव एकदा आला की माणूस कायम एका जेवणाचं सामान बॅगेत ठेवतो.

शाकाहारी असाल तर 'वेगेटारिश' हा शब्द पुरेसा नाही. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' असं म्हणा: मांस नको, डुकराच्या चरबीचे तुकडेही नकोत. बटाट्याच्या सॅलडमध्येही श्पेक निघू शकतो, आणि भाजीच्या सूपचा रस्सा हाडांचा असू शकतो. 'केझेश्पेट्झले', म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, हे आमचं हक्काचं जेवण होतं. वर तळलेला कांदा घालतात. नळाचं पाणी दोन्ही देशांत निर्धास्त प्यायचं. सार्वजनिक नळावर 'ट्रिंकवासर' लिहिलं असेल तर पिण्याचं, 'काइन ट्रिंकवासर' असेल तर नाही.

उरलेली दुपार पासाउसाठी. तीन नद्या इथे एकत्र येतात: डॅन्यूब, आल्प्समधून आलेली फिकट हिरवट इन्, आणि काळसर पाण्याची लहानशी इल्झ. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की पाण्याचे रंग काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसतात. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ च्या जूनमधली खूण माणसाच्या डोक्याच्या पुष्कळ वर आहे. ती बघून नदीकाठच्या वाटेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन-तीन दिवस जोरदार पाऊस झाला तर काठावरची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी बॅरिकेड ओलांडायचं नाही, वरच्या रस्त्याने किंवा ट्रेनने पुढे जायचं. कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत आणि उन्हाळ्यात दुपारी बाराला त्याचं वादन असतं. प्रवासाच्या धांदलीनंतर अर्धा तास डोळे मिटून तिथे बसा.

तिसरा दिवस: पासाउ ते श्लोगेन, सुमारे ४२ किलोमीटर

नदीच्या दोन्ही काठांनी वाट आहे, आणि पहिल्या दिवशी यावरूनच गोंधळ होतो. डाव्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर श्लोगेनच्या वळणाशी काही अंतर वाटच नाही. डोंगर थेट पाण्यात उतरतो, तिथे लहान बोटीने जावं लागतं. बोट हंगामात आणि दिवसा चालते. पहिल्या दिवशी मी सलग असलेली उजव्या काठाची वाट सुचवेन. किंवा आम्ही केलं तसं करा: ओबर्नत्सेलवरून डाव्या काठाने योखनश्टाइनपर्यंत जा आणि तिथे जलविद्युत केंद्रावरून सायकल हातात धरून पलीकडे एंगेलहार्ट्सत्सेलला उतरा. धरणाच्या त्या पुलावर दोन देश जोडले जातात. कुठेही चौकी नाही, पासपोर्ट कुणी मागत नाही. पाय मात्र आपोआप थांबतात.

ऑस्ट्रियात शिरल्यावर 'आर १' (या सायकलवाटेचा तिथला क्रमांक) आणि 'युरोवेलो ६' या पाट्या बघत जायचं. काठावर अधूनमधून पांढऱ्या पाटीवर मोठे आकडे दिसतील. ते नदीचे किलोमीटर, आणि ते समुद्राकडच्या मुखापासून उलटे मोजलेले आहेत. पासाउला २२२६ च्या आसपास, श्लोगेनला २१८७, व्हिएन्नाला १९२९. आकडा कमी होत जातो. मला हे फार आवडलं. किती झालं यापेक्षा नदीला अजून किती जायचंय हे कळत राहतं.

आता दोघांच्या चालवण्याबद्दल. हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं. वेगवान माणूस पुढे असला की तो थांबून वाट बघतो, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचल्याबरोबर पुढचा निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. दिवसातून पाच वेळा असं झालं की संध्याकाळी भांडण ठरलेलं. मी पुढे राहायला लागल्यापासून आमचा सरासरी वेग कमी झाला आणि आम्ही रोज लवकर पोचायला लागलो. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. चुकामूक झालीच तर शेवटचं दोघं एकत्र जिथे थांबलो होतो तिथे परत यायचं. शोधाशोध दोघांनी करायची नाही.

खाणं घड्याळावर. दर तासाला काहीतरी तोंडात, भूक असो-नसो: अर्धं केळं, चार बदाम, ब्रेडचा तुकडा. थंड हवेत तहान-भूक कळत नाही आणि चिडचिड आधी जाणवते. आमचा एक करार आहे. रस्त्याबद्दल, मुक्कामाबद्दल, एकमेकांबद्दल कुठलाही वाद निघाला तर आधी खायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग बोलायचं. दहापैकी आठ वाद खाल्ल्यावर शिल्लक राहत नाहीत.

पॅडवाल्या सायकल चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवण घासते आणि तिथेच फोड येतो. निघण्याआधी त्वचा घासू नये म्हणून मिळणारं चॅमॉइस क्रीम लावा, पोचल्याबरोबर आंघोळ करून चड्डी धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, सकाळपर्यंत सुकते. दोन जोड्या पुरतात. बायकांसाठी सांगते, पाळीची तारीख सफरीच्या पहिल्या चार दिवसांत येत असेल तर त्या दिवसांचं अंतर आधीच निम्मं करा आणि जोडीदाराला ते कारण स्पष्ट सांगा. मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं, आणि मी मागे का पडतेय हे त्याला दिवसभर कळलं नाही.

श्लोगेनला नदी जवळजवळ पूर्ण मागे वळते. दुपारी दोन-तीनला पोचलात तर सायकली खोलीवर ठेवून डोंगरावर नदी बघायला केलेल्या सज्जापर्यंत चालत जा, अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे. पाय मोकळे होतात. वरून खाली बघताना आपण कुठल्या काठाने आलो ते बोटाने दाखवता येतं.

चौथा दिवस: श्लोगेन ते लिन्झ, सुमारे ५५ किलोमीटर

आज सीटवर बसताना दुखणार. पहिला अर्धा तास दुखतं, मग कमी होतं. वाढतच गेलं तर थांबून सीटचं टोक अगदी थोडं, दोन-तीन मिलिमीटर खाली झुकवून पाहा. तळहाताला मुंग्या येत असतील तर दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला.

उजव्या काठाने आशाखपर्यंत दरीतून सुरेख वाट आहे. पुढे दरी उघडते, भाजीपाल्याची शेतं लागतात आणि सावली संपते. हा टप्पा दुपारच्या आधी संपवा. विल्हेरिंगहून ओटेन्सहाइमला तारेला बांधलेली फेरी जाते. तिला इंजिन लागत नाही, नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. बागमांडल्याच्या फेरीची घरघर कानात असलेल्या आम्हाला ती शांतता विलक्षण वाटली. सुटे युरो जवळ ठेवा. फेऱ्यांवर आणि लहान पेन्शनमध्ये रोख लागू शकते. खोलीच्या भाड्यावर माणशी थोडा स्थानिक करही द्यावा लागतो.

ओटेन्सहाइम ते लिन्झ हे शेवटचे दहा किलोमीटर मोठ्या रस्त्याला लागून आहेत. सायकलवाट वेगळी आहे पण गाड्यांचा आवाज कानात भरतो. थकला असाल तर ओटेन्सहाइमहून लोकल गाडी आहे, तिने जा. त्यात काही कमीपणा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. नदीवर आभाळ काळं झालं की झाडाखाली थांबू नका, पुढच्या गावातलं छप्पर गाठा. आपत्कालीन नंबर दोन्ही देशांत ११२.

पाचवा दिवस: लिन्झमध्ये मुक्काम

इथे एक दिवस थांबायचं, आणि सकाळी दोन कामं करायची. पहिलं, सायकली. चेन पुसून तेल द्या, कॅरिअरचे आणि बाटलीच्या स्टँडचे सगळे स्क्रू एलन कीने आवळा, टायरमध्ये हवा भरा, मागच्यात थोडी जास्त, कारण वजन तिथे असतं. विमानातून आलेल्या सायकलीचे स्क्रू पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सैल होतात, नंतर टिकतात.

दुसरं, बॅगा पलंगावर पूर्ण रिकाम्या करा. चार दिवसांत काय वापरलं नाही ते बाजूला काढा. आमच्या ढिगात जाड जॅकेट, दुसरे बूट, दोन पुस्तकं आणि एक जादा कुलूप निघालं, तीन किलोच्या वर. ते सगळं पोस्टात नेऊन व्हिएन्नातल्या शेवटच्या मुक्कामाच्या पत्त्यावर पार्सल केलं. आधी त्या हॉटेलला ईमेल करून विचारलं होतं, त्यांनी आनंदाने होकार दिला. परतीच्या खोक्यांसाठी व्हिएन्नातल्या एका सायकल दुकानालाही त्याच वेळी लिहिलं. हे आधी केलं नाही तर शेवटचा दिवस पुठ्ठा शोधण्यात जातो.

संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि पुढचे टप्पे आता ठरवा, घरून ठरवलेले विसरा. चार दिवसांत दोघांचा खरा वेग कळलेला असतो. त्यातही कमी असलेला वेग धरा. आमचा आकडा दिवसाला ५० किलोमीटर निघाला, आणि बारापर्यंत त्यातले ३५ उरकायचे. त्या हिशोबाने ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना असे मुक्काम पडले. एक दिवस त्यात मोकळा ठेवला, मेल्कच्या मठासाठी आणि त्यापुढच्या वाखाउ दरीतल्या द्राक्षमळ्यांसाठी. व्हिसासाठी केलेली बुकिंग तिथल्या तिथे बदलून घेतली. एका जागी चाळीस युरो बुडाले.

सहाव्या दिवशी सकाळी साडेसातला पुलाशी आलो तेव्हा काठावरच्या पाटीवर २१३५ होतं. मी मोठ्याने 'उजवीकडे' म्हटलं, आणि पुढे झाले.